कुरडयांचे पक्के छत

वैशाखात सूर्य कलला तरी आईच्या अंगणामागचा तो काळा पाषाण तापलेलाच असतो, आणि त्याच्यावरून गव्हाच्या चिकाचा आंबूस, दुधाळ वास हलकेच गल्लीभर पसरत राहतो. पाषाण म्हणावे तर फार भव्य वाटते आणि दगड म्हणावे तर फारच तोकडे! जबलपूरच्या टेकड्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी असे अजस्र शिलाखंड जिकडेतिकडे पहुडलेले आहेत. त्यांतलाच एक, वरून तव्यासारखा सपाट, आमच्या मागच्या भिंतीला खेटून बसला आहे. चैत्र लागला की गल्लीतल्या बाया त्याच्यावर धुतलेली पांढरी धोतरे आणि विरलेली लुगडी अंथरतात आणि ओळीने कुरडया घालतात. आई लग्न होऊन विदर्भातून आली ती सोऱ्या बरोबर घेऊनच, आणि हिंदी बोलणाऱ्या शेजारणींनाही तिने हा नाद लावला. त्या वासाने चित्त कसे प्रसन्न व्हायला हवे, नाही का? पण खरे सांगू? यंदा तो वास आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण सांगते. मागच्या उन्हाळ्यात घरपट्टीसाठी आमच्या भागातल्या घरांची मापे आकाशातून घेतली गेली. एक यंत्र भुणभुणत आले, गल्लीवरून दोन घिरट्या घालून निघून गेले, आणि आम्हांला सांगण्यात आले की आता फीत नको, घासाघीस नको, वरचा डोळा पाहील तेच सत्य. मला, खोटे कशाला बोलू, आनंदच झाला होता. काही महिन्यांनी आईच्या दारी महापालिकेच्या कचेरीतून नोटीस आली: घराच्या मागील बाजूस विस्तीर्ण पक्के छत आढळले असून त्याची माहिती दडवण्यात आली आहे. छत! कुणाचे? कशावर? आई नोटीस हातात धरून मागच्या दारात उभी राहिली आणि खरोखरच इकडेतिकडे पाहू लागली, जणू तिच्या नकळत कुणी एखादी खोली बांधून गेले असावे.

एवढ्यावर भागले असते तर मी हसून सोडून दिले असते. पण आईचे एक काम त्याच कचेरीत अडकले होते, आणि या वयात तिला दुसरे काहीच नको होते. माझे वडील कारखान्यात कामाला होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली, तरी कराच्या नोंदीत घर त्यांच्याच नावावर होते. दर वर्षी गेलेल्या माणसाच्या नावाने बिल यायचे, गेलेल्या माणसाला कचेरीच्या खिडकीतून हाक मारली जायची, आणि बाकावरून आई उठायची. कायदा जाणणारे म्हणतात, कराची नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. कर कुणाकडून घ्यायचा एवढेच ती सांगते. असेल बापा! पण आमच्या गल्लीत घराच्या शेजारी माणसाचे नाव लिहिलेला तेवढाच एक कागद असतो. शिवाय माझे काका. ते नागपूरकडून कधी लग्नकार्याला आले की चहाचा घोट घेत मायेने म्हणतात, “भावाचं घर आहे, भाऊ नसला म्हणून काय झालं!” त्या मायेने आईची झोप उडते. या घराच्या पायातले गोटे तिने डोक्यावर वाहिले, भिंती तिने लिंपल्या, आणि घर मात्र भावाचे. म्हणून ती माझ्यामागे लागली होती, “माह्या डोळ्यांदेखत माहं नाव चढव, लेकी.” आणि आता नोटिशीमुळे घराची फाईल वादग्रस्त ठरली. वाद मिटेपर्यंत नाव चढणार नव्हते.

आम्ही कचेरीत गेलो. टेबलामागच्या तरुण बाबूने सौजन्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. वरून दिसणारे आमचे घर, शेजारी मोठा पांढरा चौकोन, आणि त्याच्याभोवती ठसठशीत लाल रेघ. आई चष्मा सावरून पुढे वाकली, आणि तिचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. “अवो बाई, ह्या तर माह्या कुरडया होय!” ती जवळजवळ ओरडलीच. “हे पाह्य, हे माहं लुगडं, ते तिवारीणबाईचं धोतर. भैया, ये छत नहीं है, कुरडई सूख रही है!” मागच्या रांगेतले लोक हसले. बाबूही हसला, आणि मग खांदे उडवून म्हणाला, “अम्मा जी, सिस्टम में तो छत ही दिख रही है.”

त्या सिस्टमचा मी त्यानंतर हट्टाने अभ्यास केला. कर कसा बसतो? जागा किती, बांधकाम कच्चे की पक्के, समोरचा रस्ता कोणता, घरात मालक राहतो की भाडेकरू. या सगळ्यांतून घराचे वर्षाचे मोल ठरते आणि त्या मोलावर कर ठरतो. शास्त्र म्हणून यात काय वाईट आहे? उलट मला ते न्याय्यच वाटले. बंगलेवाल्याने जास्त द्यावे, झोपडीवाल्याने कमी, हेच तर हवे! माझा संताप त्या गणितावर नाही. माझा संताप या गोष्टीवर आहे की ज्या शहराच्या हाडांतच खडक आहे, त्या शहराची मोजणी करायला बसलेल्यांना खडक नावाची एक वस्तू जगात असते हे आठवले नाही. माणसाने पिढ्यानपिढ्या ज्याला टेकून घरे बांधली, त्याला नोंदीत जागाच नाही! आणि जे नोंदीत नाही ते नाहीच, हा कुठला उद्दामपणा?

हे मला कळले ते तपासनीस घरी आला तेव्हा. महिनोन्‌महिने अर्ज करून, शहराच्या चेरीताल भागातल्या ज्या शाळेत मी शिकवते तिला दांडी मारमारून, अखेर मी त्या माणसाला गल्लीपर्यंत आणले. भला माणूस होता, तेही सांगायला हवे. तो पाषाणावर चढला, चपलेने ठोकून पाहिला, आईने दिलेली तळलेली कुरडई खात तिथेच बसला आणि मोकळेपणाने म्हणाला, “ये तो पत्थर है, दीदी. अंधे को भी दिख जाए.” माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने हातातल्या यंत्रावर बोट फिरवले आणि पडदा मला दाखवला. कच्चे, पक्के, मोकळी जागा. बस. मोकळी जागा निवडू म्हटले तर यंत्र ऐकेना, कारण तिथे छत आहे हे आधीच ठरून गेले होते. दुरुस्तीचा अर्ज वर जाईल, म्हणाला, राजधानीत जाईल. कधी परत येईल ते सांगता येत नाही. मग आवाज खाली आणून त्याने दुसरी वाट सांगितली. अम्माने लिहून द्यावे की मागे एक पक्की खोली आहे. वाद तिथेच संपेल, कर थोडा वाढेल, आणि नाव आजच चढेल.

मी अशी कडाडले की शेजारच्या तिवारीणबाई बाहेर आल्या. म्हटले, डोळ्यांनी दगड पाहिलात, दगडावर बसलात, आणि आमच्याकडून खोली लिहून घेता? एका म्हाताऱ्या बाईला तिचे स्वतःचे नाव हवे तर त्याचा मोबदला म्हणून खोटे बोलायला लावता? नाही द्यायचे लिहून! राजधानीत जाऊ, आणखी वर जाऊ, पण दगडाला दगडच म्हणायला लावू! मला माझ्या आवाजाची धार आवडत होती, तेही कबूल करते. सत्याच्या बाजूने ओरडताना माणसाला केवढे उंच झाल्यासारखे वाटते!

आईने पदराला हात पुसले आणि त्या माणसाकडे पेन मागितला.

“आई, हे खोटं आहे,” मी म्हटले. “खोटं तं हायेच,” ती शांतपणे म्हणाली. “पण तुहा बाप गेल्यावर हे घर इतकी वर्षं त्याच्याच नावावर होतं, ते काय खरं होतं? मी उठून उठून त्याच्या नावाले ओ देत होती. तवा तुले काहून राग नाही आला?”

वडिलांचे नाव मला कधी खोटे वाटलेच नव्हते. ते घराच्या छपराइतकेच मला साहजिक वाटत आले, आणि त्याच्याखाली राहणाऱ्या बाईची नोंद कुठेच नाही हे मी, चार बुके शिकलेली, मुलींना नागरिकशास्त्र शिकवणारी, पाहत असून पाहिले नव्हते. दगड नोंदीत नाही म्हणून मी आकाशपाताळ एक केले होते!

तिने सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. मग पेन परत न देता तपासनिसाला म्हणाली, “अब पढ़ के सुनाओ भैया, मालिक कौन?” त्याने यंत्रात नोंद चढवली आणि पडद्यावर पाहून वाचले: श्रीमती सुभद्रा. तिने त्याला पुन्हा वाचायला लावले, आणि जरा जोरात, म्हणजे तिवारीणबाईंनाही ऐकू जाईल असे.