इनास मिस्त्रीचे घाव

पापडीचा इनास तुस्कानो गोखिवऱ्याच्या भातगिरणीत मिस्त्री होता आणि त्याच्या हातोड्याला तिथं मोठा मान होता. गिरणीच्या मागे पत्र्याचं माणसाएवढं नरसाळं टांगलेलं होतं, त्याला सायक्लोन म्हणत. पंख्यानं ढकललेली धुळकट हवा त्यात गरगर फिरायची, कोंडा कडेकडेनं घसरत खालच्या तोंडातून पोत्यात पडायचा आणि स्वच्छ हवा वरून निघून जायची. हवा दमट झाली की ते तोंड तुंबायचं. मग इनास दोन घाव घालायचा आणि कोंडा भसकन खाली यायचा. "याला माराचीच भाषा कळते," असं तो ऐटीत म्हणायचा.

त्रेपन्न साली मात्र ते दिवसातून दहादा तुंबायला लागलं. इनासचं डोकं फिरलं. नरसाळं खाली उतरवून त्यानं आत कोपरापर्यंत हात घातला. बाहेरचे पोचे रोज सगळ्यांनाच दिसत होते, पण आत त्यांची टेंगळं झाली होती आणि एकेका टेंगळावर कोंडा घट्ट बसला होता. घाव सगळे त्याचेच होते.

मग त्यानं नवं, आतून गुळगुळीत नरसाळं घडवलं आणि त्याचं तोंड चार बोटं रुंद ठेवलं. ते तुंबेना.

जुनं नरसाळं त्यानं भंगारात जाऊ दिलं नाही. कुणी कुठल्या यंत्रावर हातोडा उचलला की त्याचं मनगट धरून तो त्याचा हात त्या नरसाळ्यात घालायचा.

"बाहेरून मी चौदा वर्षं शहाणाच होतो," तो खेकसायचा, "आतून चाचपून बघ."