हिराओकांची गळती

क्योतोतल्या आमच्या बाजारगल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत छप्पर आहे, आणि त्या छपराखाली हिराओका छत्र्या विकतात. यावर हसू नये. मी चाळीस वर्षं हसून घेतलंय. माझं लोणच्याचं दुकान त्यांच्या शेजारीच आहे.

चार वर्षांपूर्वी छप्पर नेमकं त्यांच्या दारासमोर गळू लागलं आणि म्हाताऱ्याचं नशीब उघडलं. पाऊस आला की गिऱ्हाईक छत्री उघडून धारेखाली उभं राही, कोरडं राहिलं की विकत घेई. सत्तरीच्या हिराओकांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

मग दुरुस्तीची सूचना निघाली. आमच्याकडे सूचनांची एकच फळी दुकानोदुकान फिरते. कागद वाचायचे, आपल्या नावाचा लाल शिक्का मारायचा, फळी शेजाऱ्याला द्यायची. सगळ्यांचे शिक्के झाल्याशिवाय कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. फळी हिराओकांकडे गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

तोंडावर मागायची आमच्यात रीत नाही. मी रोज सकाळी जाऊन म्हणे, "हिराओकासान, तुमचं वाचन फार सखोल हो!"

"अक्षर बारीक आहे, किनुएसान," ते म्हणत. "डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत."

फळी अडली आणि गल्ली अडली. उत्सवाचे कंदील लागले नाहीत. गल्लीचे अध्यक्ष निशिवाकी यांचा राजीनामाही त्याच फळीवर, खालच्या कागदात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले, तरी बिचारे अध्यक्षच.

परवा भर पावसात ते काठी टेकत आले आणि रीत सोडून बोलले, "हिराओकासान, मला मोकळं करा हो."

हिराओका शरमले. शिक्का मारून फळी माझ्याकडे घेऊन आले, मागून निशिवाकी.

"छप्पर नीट झालं की दुकान बंद करतो," हिराओका म्हणाले. "ओसाकाला लेकीकडे जाईन."

ज्या फळीसाठी तीन वर्षं दातओठ खाल्ले ती हातात आली आणि मला रडूच फुटलं. हा खडूस माणूस गेल्यावर सकाळी टोमणा मारायचा कुणाला?

"शिक्का शोधते," म्हणून मी आत गेले. शिक्का खणातच होता. तो फडक्यात गुंडाळला, मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात खोल खुपसला आणि वर दाबाचा दगड परत ठेवला.

"पिंपात पडला वाटतं," बाहेर येऊन मी म्हटलं. "वसंताआधी दगड उचलला तर लोणचं नासेल."

निशिवाकी बाहेर जाऊन मटकन बाकावर बसले. "कुठल्या वर्षीचा वसंत, किनुएसान?"

बाक नेमका धारेखाली होता. हिराओकांनी धावत जाऊन एक कोरी छत्री आणली आणि अध्यक्षांच्या डोक्यावर उघडून धरली.