मोरेश्वरच्या वाट्याचा धडा

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात म्हणतो — झोप झाली नसेल बिचाऱ्याची. मी ऑडिटच्या कामातला माणूस. कागद दिसला तर मानतो, नाही तर नाही. तरीही हे लिहितोय, कारण यातला कागद माझ्याकडे आहे... आणि तो माझ्याच अक्षरात आहे.

माझं गाव लाखांदूर तालुक्यात. बाबा गावच्या तलावात मासे धरतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बीकॉम झाल्यावर भंडाऱ्यात एका सीए साहेबांकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए व्हायला लागणारी उमेदवारी, मिळाली. पुस्तकंसुद्धा साहेबांनीच दिली, ते मी विसरणार नाही. तिथेच मोरेश्वर भेटला. अड्याळचा, घरी धानाची शेती. आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली आणि सीए फायनलला लागलो.

अभ्यासाची पद्धत सांगावी लागेल, कारण सगळं त्यातूनच झालं. आमच्याकडे बहुतेक मुलं धड्यांचे तीन गट करतात. ए म्हणजे हमखास येणारे, बी म्हणजे बहुधा येणारे, आणि सी म्हणजे वेळ उरला तर. आम्ही सीचे धडे वाटून घेतले. अर्धे त्याने वाचायचे, अर्धे मी, आणि सकाळी फिरताना एकमेकांना समजावून सांगायचे. त्याच्या वाट्याच्या धड्यांची पानं मी माझ्या पुस्तकात चक्क स्टेपल करून टाकली होती — उगाच मोह नको. शेतीचं अकाउंटिंग हा धडा मोरेश्वरकडे होता. झाडं, गुरं, तलावातले मासे यांची किंमत पुस्तकात कशी दाखवायची, ते त्यात असतं.

"मासोळ्यावाल्याचा पोरगा अन् मासोळीचाच धडा सोडून राहिला!" तो हसायचा.

"तू सांगशीन नं मले."

"सांगतो बे. धान कापून येऊ दे."

कापणीला गेला तो परीक्षेच्या आदल्या दिवशीच परत आला. तो धडा सांगायचा राहूनच गेला.

फॉर्म आम्ही शेजारी बसून भरले होते. त्यामुळे की काय, नागपूरच्या सेंटरवर नंबर लागोपाठ आले. तो पुढच्या बाकावर, मी त्याच्या मागे. आणि पेपरात नेमका तलावातल्या माशांचा प्रश्न आला. सहा मार्कांचा. मी तो सोडला. हे मला लख्ख आठवतं, कारण शेवटची वीस मिनिटं मी पेनाला टोपण लावून मोरेश्वरच्या पाठीकडे बघत बसलो होतो. त्याचा उजवा खांदा सारखा हलत होता. मला त्याचा हेवा वाटला, हेही कबूल करतो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मासोळी सोडलो मी."

"मी पूर्ण लिवलो," तो म्हणाला.

प्रत्येक पेपरात किमान चाळीस लागतात. घरी येऊन मी अंदाज काढला तर माझे कितीही ओढले तरी अडतीस होत होते. निकाल लागला — मला त्रेचाळीस. पास! मोरेश्वरला छत्तीस.

गावात सत्कार झाला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला हार घातलेलं बघितलं. पण ते त्रेचाळीस माझ्या घशाखाली उतरेनात. उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, ती मी मागवली. मोरेश्वरनेही त्याची मागवली.

माझी आधी आली, ऑनलाइन. दुपारची वेळ, ऑफिसात मी एकटाच होतो. पानं सरकवत गेलो आणि शेवटी माशांचं उत्तर. पूर्ण. माझं अक्षर, बेरजेखाली माझ्या सवयीची दुहेरी रेघ. सहापैकी पाच मार्क. खोलीवर जाऊन पुस्तक काढलं... त्या धड्याच्या पिना गंजल्या होत्या, पण एकही निघालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोरेश्वर आला. चेहरा उतरलेला.

"पान कोरं हाय बे माझं. वर प्रश्नाचा नंबर लिवला हाय, खाली काईच नाही."

मी त्याला काही दाखवलं नाही. आधी म्हणालो, "तू काय लिवला होता, ते सांग. एकूण एक."

त्याने सांगितलं. पहिलं वाक्य, मग तक्ता. तक्त्यात तिसऱ्या ओळीला आधी ८४० लिहून खोडलं आणि ४८० केलं. शेवटी एक टीप — पक्ष्यांनी खाल्लेले मासे धरले नाहीत. प्रश्नात पक्ष्यांचा उल्लेखच नव्हता. ते त्याने आपल्याच मनाने घातलं होतं.

मी माझी प्रत उघडली. वाक्य तेच. खोडलेले ८४० तिथेच. पक्षीसुद्धा.

त्याने स्क्रीनवरच्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मांगं तूच बसला होता."

"मी पाह्यलो नाही, मोरेश्वर. आईची शपथ."

"पाह्यला असशीन तरी माझं काहून गेलं?"

आम्ही दोन्ही प्रती घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेबांनी समजावलं — परीक्षेच्या ताणात तू लिहिलंस आणि विसरलास, मोरेश्वरने मनात लिहिलं आणि कागदावर राहिलं. होतं असं. मोरेश्वर म्हणाला, "साहेब, दोघायचं एकाच दिवशी? अन् खोडलेला आकडा?" साहेब फाइल चाळायला लागले.

मी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सगळं खरं लिहून पत्र पाठवलं. उत्तर आलं की उत्तरपत्रिका तुमच्याच अक्षरात आहे, पानांत काही गडबड नाही, निकाल कायम. बाबांना सांगितलं तेव्हा ते जाळं विणत होते.

"चोरला का गा तू?"

"नाही, बाबा."

"चोरला असता तं वापस तरी देता आला असता," ते म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले.

पुढच्या वेळी मोरेश्वर पुन्हा बसला. जायच्या आधी माझ्याकडे आला. "राग नको मानू. त्या पेपरच्या दिवशी तू नागपुरात राहू नको. भंडाऱ्यात बी नको. दोन ते पाच कोणाच्या तरी डोळ्यासमोर राहाय."

त्या दिवशी दोन ते पाच मी तलावात बाबांच्या डोंग्यात बसलो. जवळ पेन नाही, कागद नाही, दोन्ही हात मांडीवर उघडे. बाबा जाळं टाकत राहिले.

मोरेश्वर पास झाला. चांगल्या मार्कांनी. मी लांब होतो म्हणूनच, असं वाटून निकालाच्या दिवशी मी एकटाच घरी खूप रडलो.

हे विज्ञानात कुठे बसत असेल तर मला कळवा, मी मनापासून आभारी राहीन. मला आजवर एकही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. मी चोर आहे की नाही, हेही मला सांगता येत नाही.

मोरेश्वर आता नागपुरात नोकरीला आहे. आमचं बोलणं चांगलं आहे, हसतो, चेष्टा करतो. मागच्या महिन्यात अड्याळला एका मित्राच्या लग्नात शेजारी बसलो होतो. त्याने आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला घेतलं, आणि डावा हात आडवा धरला — शाळेत पोरं धरतात तसा, माझ्या बाजूने. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्याचं लिहून होईपर्यंत मी दुसरीकडे बघत राहिलो.