चौथी पास आणि निवड यादी

आमच्या घरात महत्त्वाचा कागद आधी आई वाचते. वडिलांच्या बदलीचा आदेश, बहिणीच्या कॉलेजचं पत्र, सगळं तिनंच फोडलं आणि उभी राहून मोठ्यानं वाचलं, थेट जावक क्रमांकापासून. माझ्या नोकरीचं पाकीट अचलपूरला हातात पडलं, तर ते न फोडता मी एसटीनं अमरावतीला आणलं होतं. तिच्या आईचा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण्यात आणि अंगठा उठवण्यात गेला. घराण्यात वाचायला शिकलेली पहिली बाई म्हणजे माझी आई, चौथी पास. हा मान तिचाच.

यंदा माझ्या मुलीनं परिचारिकेच्या जागेसाठी परीक्षा दिली. ती अकोल्याला राहते. यादी लागल्याचा मेसेज आला, आणि पोरीनं लिंक स्वतः न उघडता आजीच्या मोबाइलवर पाठवली. मग मला फोन लावला. मी स्पीकर सुरू केला.

"आजी, म्या पाह्यलं नाई अजून. तू वाच, मी ऐकून राहिली."

राजापेठेतल्या आमच्या घराच्या खिडकीशी आई चष्मा लावून उभी राहिली. तिनं लिंकवर बोट ठेवलं. एक पान क्षणभर दिसलं आणि पळालं. त्याच्या जागी ॲप घ्या म्हणणारं पान आलं. यादी एका पानावर, वाचणारी डोळ्यांसमोर, आणि मध्ये हा कोण उपटसुंभ? तरी मी मुकाट्यानं ॲप उतरवून दिलं. ते उघडलं ते थेट क्लासेसच्या जाहिरातींवर. यादीचा पत्ता नाही. मग मोबाइल नंबर मागितला, ओटीपी मागितला, नाव मागितलं, जन्मतारीख मागितली. आई प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत होती, कारण समोर आलेलं वाचायचं हीच तिची सवय. अकोल्याहून मुलीचा श्वास ऐकू येत होता.

"शैक्षणिक पात्रता निवडा," आईनं वाचलं.

खाली पर्यायांची यादी उघडली. दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर. आईनं बोटानं ती खालीवर केली, पुन्हा वर नेली. काहीतरी निवडल्याशिवाय ते पुढे सरकेना. मी म्हटलं, "दहावी टाक आई, कोण पाहते?"

"खोटं कायले लिहू मी?" ती म्हणाली. "चौथी नाई इथं." तिनं चष्मा काढला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "तूच वाच."

मला आठवतं तेव्हापासून हे ती पहिल्यांदाच म्हणाली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं आमच्या घरात अक्षर आणलं, तिलाच विचारतात, तुझं शिक्षण किती? आणि तेही कशासाठी, तर नातीचं नाव वाचायला. ज्यानं हे बनवलं तो समोर असता, तर मी त्याला आईसमोर उभा करून हा प्रश्न तोंडानं विचारायला लावला असता.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, लिंकवर बोट दाबून धरा. ब्राउझरमधी उघडा म्हणते, ते करा."

केलं. पान उघडलं. ना नंबर, ना ओटीपी, ना पात्रता. सरळसाधी यादी, कुणीही वाचावी अशी. मी आईपुढे मोबाइल धरला, पण तिनं चष्मा लावला नाही. मग मीच वाचलं. सतराव्या क्रमांकावर माझ्या मुलीचं नाव होतं. तिकडे अकोल्यात ती रडायला लागली आणि इकडे मी ते नाव पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.

आईनं फोनजवळ तोंड नेऊन नातीला आशीर्वाद दिला, खुशीत दिला. मग माझ्याकडे वळली.

"हे पान असं उघडंच होतं?"

"हो."

"मंग त्यानं मले माह्यं शिक्षण काहून इचारलं?"