म्हैस आणि खांद्यावरचं मशीन

शनिवार, १७ फेब्रुवारी. दूध सव्वासहाला. कपडे आठच्या आत दोरीवर. नऊ वाजता भावजी नवं मशीन खांद्याला अडकवून पुतणीबरोबर शाळेत गेले. मी सव्वानऊला मागोमाग. दुकानातली म्हैस झाकलेली.

एवढं लिहून मी त्या दुपारी पेन खाली ठेवलं. पुढचं डायरीच्या एका पानात मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकसष्ट, धंदा वेल्डिंगचा. घराच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान. वर एका बाजूला मी एकटी, दुसऱ्या बाजूला ते, जाऊबाई आणि त्यांची मुलगी. म्हैस म्हणजे त्यांचं जुनं मशीन. काळं, चाकांवरचं, पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी आणि तेल. बटण दाबलं की घुमायला लागायचं, आणि हलवायला चार माणसं लागायची. ती कामाला लागली की वर माझ्या टेबलावरचा दिवा मंद व्हायचा. मी रोज संध्याकाळी सातला डायरी पुरी करते. दिवा मंद झाला की समासात एक टिंब. अशी पस्तीस वर्षांची टिंबं आहेत. आमचे हे चेष्टेनं म्हणायचे, "माझ्या भावाचा एकेक टाका हिच्या वहीत आहे."

टाका हा भावजींचाच शब्द. सासूबाई लोकांचे कपडे शिवायच्या, आणि भावजी लहानपणी मशीनखाली बसून चिंध्या वेचायचे. लोखंडाला लोखंड जोडताना जी बारीक खवल्यांची रेघ उमटते, तिला ते टाके म्हणतात. गिऱ्हाइकानं टाके डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते वर रंग लावत नाहीत. फाटक आठ दिवस बिनरंगाचं उभं राहिलं तरी चालेल. रंगाखाली वाट्टेल ते झाकता येतं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला आणि बाहेरची कामं सुटत गेली. अशात गल्लीच्या टोकाच्या शाळेतून बोलावणं आलं. ही माझीच शाळा. रोजचं रोज लिहून ठेवायची सवय मला तिथल्याच नन्सनी लावली. मागच्या जिन्याचा कठडा गंजून पोकळ झाला होता आणि तो तीन मजल्यांपर्यंत जागेवरच नवा करायचा होता, तोही मुली घरी गेल्यावर, चार ते सातमध्ये. मुख्य सिस्टरनी स्पष्ट सांगितलं की शनिवारी खालच्या पायऱ्यांवर नमुना दाखवा, पसंत पडला तर काम तुमचं, नाहीतर बाहेरचा माणूस ठरलेला आहे. म्हैस काही तीन मजले चढणार नव्हती. भावजी जाऊबाईंना म्हणाले, हे काम गेलं तर शटर खाली ओढतो, ते कायमचं. ते बोलले की करतात.

शेवटी पुतणीनंच इन्व्हर्टरच्या, म्हणजे खांद्याला अडकवून नेता येणाऱ्या हलक्या वेल्डिंग मशीनचा विषय काढला. तिनं प्रशिक्षण केंद्रात वेल्डिंगचा पूर्ण कोर्स केला आहे, पण दुकानात तिच्या वाट्याला मोजमाप आणि घासकाम. रॉड धरायचा होल्डर बापाच्या हातात. "हात कच्चा आहे अजून," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. इन्व्हर्टरचं चित्र पाहून ते म्हणाले, "हा डबा आहे. ह्यात खाऊ भरून शाळेत पाठवतात."

तरी गुरुवारी आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं तीन डबे मांडले आणि सर्वांत झगझगीत डब्यावर हात ठेवला. आकडे चमकत होते, अडीचशे अँपिअर. भावजींनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "शंभर-सव्वाशेवर ठेवला तर दहा मिनिटांतली किती मिनिटं न थांबता चालेल?" दुकानदार चष्मा लावून मागची पट्टी वाचायला लागला. तेवढ्यात पुतणीनं विचारलं की विजेचा दाब किती खाली गेला तर मशीन बंद पडतं. तो म्हणाला, आमच्याकडे तक्रार नाही. मग मी पिशवीतून डायरी काढली. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा व्होल्टचा काटा मी रोज सातला बघून लिहिते. आमच्या गल्लीत तो संध्याकाळी एकशे ऐंशीच्या वर क्वचित जातो, आणि शाळा त्याच तारेवर, आमच्याही पुढे, म्हणजे तिथे दाब आणखी कमी.

"आजी, लोक डायरीत सुखदुःख लिहितात," दुकानदार म्हणाला.

"माझं दूध नासतं तेव्हा तेही लिहिते," मी म्हटलं.

झगझगीत डबा एकशे नव्वदच्या खाली चालणार नव्हता. कोपऱ्यातला साधा, राखाडी डबा एकशे साठपर्यंत तग धरणारा निघाला. भावजींनी तो डाव्या खांद्याला लावला, दुकानाचा जिना चढून माळ्यावर गेले, खाली आले, आणि घाम न पुसता म्हणाले, "हाच."

शनिवारी शाळेच्या जिन्यापाशी सिस्टर हात बांधून उभ्या होत्या. भावजी पाइपजवळ बसले, मुखवटा खाली घेतला आणि तसेच थांबले. बराच वेळ झाला.

"चालू कर ना," ते म्हणाले.

"चालूच आहे, बाबा. कधीपासून."

पस्तीस वर्षं घुमणं ऐकल्यावरच हात हलायचा. इथे नुसती पंख्याची बारीक फुंकर. पुतणी हसू दाबत होती, मी रुमालात खोकले. मग त्यांनी रॉड टेकवला, लख्ख ठिणगी उडाली, आणि पातळ पाइपला आरपार भोक पडलं. दुसऱ्या जागी तेच. सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं. भावजींनी मुखवटा वर केला. ते भोकाकडे बघत नव्हते, स्वतःच्या हाताकडे बघत होते.

पुतणीची नजर मशीनच्या तोंडावर, जिथे दोन तारा जोडतात तिथे खिळली होती. परक्यांसमोर बापाला सांगायचं कसं, म्हणून ती गप्प. भावजींनी ते ओळखलं. हळू विचारता आलं असतं, पण ते सिस्टरना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बोल. तुला कळलंय आणि मला नाही."

"म्हशीला तारा कशाही लावल्या तरी चालायचं, बाबा. ह्याला अधिक-उणे आहे. होल्डर अधिकवर लावलाय तुम्ही, म्हणून पाइप जळतोय. पातळ कामाला होल्डर उणेवर."

त्यांनी तारा स्वतः काढल्या, स्वतः बदलल्या. पुढचा जोड बसला तेव्हा रॉडचा आवाज एकसारखा तडतडत राहिला. जोडावर जमलेलं जळकं कवच ठोकून पाडलं, ब्रश मारला, आणि खाली सासूबाईंच्या हातचे असावेत असे टाके. सिस्टरनी वाकून बोट फिरवलं. भोकं दोन्ही भरून द्याल ना, एवढंच त्यांनी विचारलं.

"ती भरेल," असं म्हणून भावजींनी होल्डर पुतणीच्या हातात दिला आणि मुखवटाही. भोक भरणं जोड मारण्यापेक्षा अवघड, हे मलासुद्धा माहीत आहे. तिनं थांबून थांबून, थेंब थेंब टाकत दोन्ही बुजवली. भावजी बाजूला तोंड फिरवून उभे होते; उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे बघायचं नसतं. पण कान तिकडेच. आवाज थांबल्यावर वळले, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"वहिनी, डायरीत नीट लिहा. कठड्याचा पहिला जोड माझा, दोन भोकं माझी, ती भरली हिनं. वरचे दोन मजले हिचे."

जाऊबाईंना हे सांगताना त्यांनी भोकांची गोष्ट आधी सांगितली, कामाची नंतर. तीनदा सांगितली, आणि दर खेपेला भोकं थोडी मोठी झाली. मग बापलेक खाली दुकानात सोमवारचे पाइप जोडायला बसले.

सायंकाळी सात. काटा एकशे बहात्तरवर. खाली वेल्डिंग चालू. दिवा मंद झाला नाही.