सातवी पाळी

स्टाफरूममध्ये पेपर आला की देवकाते सर आधी परदेशाचं पान उघडायचे आणि मतदान घ्यायचे. "पोलंडला नाटोत घ्यायचं का? हात वर करा." चहाच्या नादात आम्ही हात वर केले की त्यांचा दुसरा प्रश्न तयारच असायचा, "उद्या पोलंडवर कुणी चालून आलं तर मरायला कोण जाणार? नाव सांगा." हात खाली यायचे.

भवानीनगरजवळच्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत, मी इतिहास. आजोबांपर्यंत त्यांच्या घरी मेंढरं होती. वडिलांनी काटेवाडीच्या बाजूला जमीन केली. सर प्राध्यापक झाले, तरी बोलणं गावाकडचंच राहिलं. नाटोच्या विस्ताराला त्यांचा ठाम विरोध. "युती म्हंजी लग्नाचं आवतन न्हाय मॅडम, दिसंल त्याला द्यायला. अडचणीच्या दिवशी पाळता येतील तेवढंच शब्द द्यावंत." मी मोरगावच्या कोरडवाहू घरातली. मला हे बागायतदारी शहाणपण वाटायचं आणि मी ते तोंडावर सांगायचे, "सर, आत बसलेल्यांना दार लावलेलंच बरं वाटतं. बाहेरच्यांनी कुणाच्या भरवशावर जगायचं?" ते हसायचे. "इचारलं त्ये बराबर हाय. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर न्हाय दिलंत."

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. हात धुतो न धुतो तोच म्हणाले, "चला, आमची नाटो दावतो." बांधावर सहा घरांची सामाईक विहीर होती. एकेका घराची एकेक दिवस पाळी आणि रविवारी मोटार बंद, म्हणजे झऱ्यांना भरायला सवड मिळे. शेजारच्या कोंडाबाईंना तो रविवार हवा होता. नवरा वारलेला, लिंबाची बाग नुकती लावलेली आणि त्यांचं बोअर कोरडं पडलेलं. पाऊसकाळ चांगला झाल्यामुळे विहीर भरलेली होती. ते ठरवायला कोंडाबाईंसह सहाही घरची माणसं विहिरीवर जमली होती आणि सगळेच 'घेऊ की' म्हणत होते.

"थांबा," सर म्हणाले. "चैतात झरं आटलं की एक दिवस मोटार बंद ठिवावीच लागंल. तवा कुणाची पाळी काढायची?"

कोंडाबाई पदर सावरून उठायला लागल्या. मला सरांचा असा राग आला की सांगता सोय नाही.

"माझी काढायची," सर म्हणाले. "आता घ्या त्यास्नी."

चैत्रात विहीर खरंच तळाला गेली. ठरल्याप्रमाणे सरांची पाळी बंद झाली आणि त्यांचा ऊस पिवळा पडला. तो बघायला मी शेतावर गेले असतानाच कोंडाबाई आल्या. "सर, माज्यानं बघवत न्हाय. हा रविवार तुमीच घ्या."

"न्हाय," सर म्हणाले. "आज म्या पाणी माघारी घेतलं, तर उद्या हितं कुणाच्याच शब्दावर कुणी इस्वास ठिवणार न्हाय. जावा, लिंबं भिजवा."

त्या वर्षी तो ऊस कारखान्याला गेला नाही, गुरांपुढे पडला. सरांच्या बायकोने बरेच दिवस अबोला धरला होता. लिंबाची बाग मात्र जगली.

सरांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण येते तेव्हा मी अजूनही मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते, पोलंडला घ्यायलाच हवं होतं असं बजावते. आम्ही स्टाफरूममधले बहुतेक जण विस्ताराच्या बाजूचे होतो, विरोधात एकटे सर. पण बाहेरच्या माणसाला आत घेऊन त्याची झळ स्वतः सोसलेला माणूस आमच्यात तेवढा एकच होता.