दादाच्या मापाची सायकल

धारहून मांडूला जाणारा रस्ता सायकलवाल्याला फसवतो. नालछ्यापर्यंत तो इतका साळसूद असतो की माणूस स्वतःच्याच पायांवर खूश होतो. मग एकदम दरीत उतरतो, आणि उतरल्यावर चढणं आलंच. जुन्या वेशींमधून वर जाणारी ती वळणं मी आणि माझा थोरला भाऊ दर वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी चढायचो. दादा पुढे, मी मागे. शेवटच्या वेशीपाशी तो सायकल भिंतीला टेकवून उभा असायचा आणि मी धापा टाकत दिसलो की म्हणायचा, "आलास का? मला वाटलं, देवासला परत गेलास."

मी देवासला राहतो. कारखान्यातल्या नोकरीसाठी आलो आणि निवृत्त झाल्यावरही इथेच चिकटलो. दादा धारलाच राहिला, शाळेत गणित शिकवत. नोकरी सुटल्यावर त्याला खोकला लागला. आधी धूळ म्हणून दुर्लक्ष झालं, मग इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपायचं. त्या वर्षी आम्ही मांडूला गेलो नाही. कारण दोघांनाही माहीत होतं, म्हणून कोणी विषयच काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "यंदा दसऱ्यानंतर मांडू. पण जुन्या सायकलींवर नाही. चढाईसाठी एक नवी घेऊ. तू देवासला बघून ठेव."

मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्या ठेवल्या बायकोला हाक मारून सांगितलं. दादाला चढायचं आहे म्हणजे दादाला जगायचं आहे, एवढं साधं गणित मी मांडलं. मग त्याचा श्वास पुरेल अशी सायकल जमवणं हे माझंच काम झालं. ती जमली तर दादा वर पोचणार, नाही जमली तर दोष माझा, अशा जिद्दीने मी कामाला लागलो.

मी जन्मभर यंत्रांत काढलेला माणूस, त्यामुळे मला मतं फार. गिअरची गोष्ट तशी सोपी असते. पुढची चक्री जितकी लहान आणि मागची जितकी मोठी, तितका पाय हलका पडतो आणि सायकल तितकी हळू चालते. हलकेपणा पाहिजे तर वेग सोडावा लागतो. मी दादासाठी मधला रस्ता काढला होता, पुढे दोन चक्र्या, म्हणजे सपाटीवरही मजा राहील. त्याने तो फोनवरच उडवून लावला. "पुढे एकच, लहान. मागे मिळेल तेवढी मोठी. सपाटीवर मजा करायचं वय आहे का? आणि तुझा गुडघा कसा आहे?"

"माझ्या गुडघ्याचं सोड. तुझं बोल."

"तू सांग ना, कुरकुरतो का अजून?"

दर फोनला तो गुडघ्याची चौकशी करायचा आणि दर फोनला मी वैतागायचो. आजारी हा, आणि विचारतो माझं.

हँडलवरून तर आमचं चांगलंच वाजलं. रेसच्या सायकलीचं खाली वळलेलं हँडल दोघांनीही आधीच बाद केलं, कारण त्यावर वाकलं की पोट दबतं आणि श्वास अडतो. माझं म्हणणं, उंच आणि अंगाकडे वळलेलं घ्यावं, म्हणजे पाठ ताठ राहते.

"तसं दूधवाल्याच्या सायकलला असतं," दादा म्हणाला. "मला काय मांडूला दूध घालायचंय?" हसताना त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत मी फोन कानाला लावून बसलो. मग म्हणाला, "सरळ, रुंद हँडल घे. छाती मोकळी राहते. आणि चढावर तू हँडल ओढतोस, त्याला रुंदी लागते."

'तू' ऐकून मला काही वाटलं नाही. शाळेत गणितंही तो अशीच घालायचा, तू बारा आंबे घेतलेस, तू चार खाल्लेस.

राहता राहिलं माप. हँडलची रुंदी खांद्यांवर ठरते, आणि हँडल किती पुढे असावं हे हातांच्या लांबीवर. मी म्हटलं, एक दिवस गाडीने घेऊन येतो तुला. तो म्हणाला, "कशाला? तुझ्यावरच घे माप. आपलं माप एकच."

ते खरं नव्हतं. कॉलेजात असतानाच मी त्याच्यापेक्षा उंच झालो होतो, आणि या दोन वर्षांत तर त्याचा शर्ट खांद्यांवरून उतरायला लागला होता. पण हे त्याला कोणी सांगायचं? त्याला आपण आहोत तसेच आहोत असं वाटत असेल तर वाटू दे, असं मी ठरवलं. सीट नंतर खाली करता येते.

खरं तर आमच्या घरात माप नेहमी एकाचंच घेतलं जायचं. दिवाळीला शिंपी घरी यायचा आणि टेप दादाच्या अंगाला लागायची. शर्ट, चड्ड्या, पुढे पँटी, सगळं त्याच्या मापाचं, आणि वर्षा-दोन वर्षांनी तेच माझ्या अंगावर. सायकलही त्याचीच मिळाली. पाय पुरायचे नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून, कैंची मारत मी ती शिकलो. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. धाकट्याला असंच मिळायचं.

देवासच्या दुकानात मी हात पसरून उभा राहिलो. दुकानदाराने खांदे मोजले, मागची चक्री पाहून हसला. "भिया, इत्ती बड़ी? पहाड़ पे चढ़ोगे के दीवार पे?"

"भाई बीमार है," मी म्हणालो. मग त्याने सायकल मन लावून बांधली.

नवरात्रात ती गाडीवर बांधून मी धारला नेली. दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. नाकात ऑक्सिजनची नळी होती. तिच्याबद्दल मला कोणी कळवलं नव्हतं. मी नळीकडे बघत नाही असं दाखवत सायकल उतरवली आणि नको तितकं बोलत सुटलो. दादाने हँडलवरून हात फिरवला, मागची मोठी चक्री बोटाने फिरवून बघितली. "झकास," म्हणाला.

वहिनींनी ताट आणलं. हँडलला हळदकुंकू, अक्षता, फूल. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ वाढवला. नव्या गाडीची पूजा झाली की पहिली फेरी मालकाने मारायची, हा आमच्याकडचा रिवाज. वहिनी ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि कोणाकडेच बघेनात.

"दादा, तू नुसता बस," मी म्हणालो. "मी धरतो मागून."

"पहिली फेरी ज्याची सायकल त्याची," दादा म्हणाला. "बस की."

मला कळेना. त्याने मानेनेच सीटकडे दाखवलं. मी बसलो. लिंबू फुटलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, आणि जाताना हातांना जे समजलं ते डोक्यात यायला परत येईपर्यंतचा वेळ लागला. हात सरळ हँडलवर पडले होते. खांदे कुठे ओढले जात नव्हते. पाय हलका होता, गुडघा गप्प होता.

"हे तुला मोठं होईल, दादा."

"होईलच. तुझ्या मापाचं आहे." तो थांबला, दोन श्वास घेतले. "साठी झाली तुझी. जन्मभर माझं उतरलेलं वापरलंस. एक तरी वस्तू तुझ्या अंगावर बेतलेली नको?"

मला राग आला. खरंच आला. मी म्हणालो, मला नको आहे, मला तू पाहिजेस वर. तो शांतपणे म्हणाला, "मी येतो ना. तुझी वहिनी आणि मी गाडीने येऊ. वेशीपाशी थांबतो, नेहमीसारखा."

त्या रविवारपर्यंत तो राहिला नाही.

तेरावं झाल्यावर वहिनींनीच सायकल ओसरीतून बाहेर काढली. कुंकू तसंच होतं. "जाऊन या, भावजी," एवढंच म्हणाल्या.

नालछ्यापर्यंत रस्ता नेहमीसारखा साळसूद होता. दरीत उतरलो. मग चढ लागला, आणि ज्या चक्रीला दुकानदार हसला होता तिच्यावरचा सगळ्यात हलका गिअर मी टाकला. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. मी कधी नव्हे इतका सहज चढत होतो, आणि मला पोचायचं नव्हतं. शेवटच्या वळणावर मी सवयीने मान वर केली. भिंतीपाशी कोणी नव्हतं. मी उतरलो, सायकल त्याच भिंतीला टेकवली आणि मागे वळून रस्त्याकडे बघत, कोणीतरी मागून यायचं असल्यासारखा, बराच वेळ उभा राहिलो.